चष्म्याची उधारी

आमच्या आजोळी कुणी 'पोरं' असा शब्द काढला की आधी पाहावं लागे, बोलतंय कोण. आजोबांची पोरं म्हणजे प्लोटची. मामाची पोरं म्हणजे वाघ. मद्रासहून मावशीचे यजमान, आमचे काका, आलेले असले तर त्यांची पोरं टेलोची. आजी मात्र सगळ्यांनाच पोरं म्हणायची आणि तिचा प्रश्न एकच असायचा, जेवली का ती?

ही पोरं आमच्या घरातली नव्हती, गावातलीही नव्हती. समुद्रापलीकडून, जाफन्याहून आलेली तमिळ पोरं. कुणाला नुकतं मिसरूड फुटलेलं, कुणाला तेही नाही. 1983 च्या अखेरीपासून 1986 च्या नोव्हेंबरपर्यंत ती तंजावर जिल्ह्यात होती आणि मी दर उन्हाळ्यात पुण्याहून आजोळी जात होते, म्हणजे माझ्या वाट्याला तीन सुट्ट्या आल्या. बाकीचं सगळं आजोबा, मामा, मावशी आणि काकांच्या तोंडून, वेगवेगळ्या वर्षी ऐकलेलं. यांतलं कुणीच गोष्ट पूर्ण सांगत नसे. प्रत्येकाची गोष्ट एका ठरावीक जागी येऊन थांबायची आणि मग कॉफीचा विषय निघायचा. ती जागा कोणती, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

आजोळ तंजावरचं. एकोजीराजांबरोबर आलेल्या एका कारकुनाचा आमचा वंश, असं आजोबा सांगत. कागद काही नाही. पण तंजावरच्या प्रत्येक मराठी घराला असा एक कारकून असतोच. घरात जुन्या वळणाचं मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. शेजारीपाजारी आम्हाला 'रायर' म्हणत. आजोबांचं औषधांचं दुकान मात्र तिथून वीसेक किलोमीटरवर ओरत्तनाडुला होतं, पट्टुकोट्टैच्या रस्त्यावर. या ओरत्तनाडुत सरफोजीराजांनी आपल्या मुक्ताम्बाळ नावाच्या प्रेयसीच्या नावाने बांधलेलं छत्र आहे, वाटसरूंना जेवू घालण्यासाठी. आजोबा मला तिथे दर वर्षी न चुकता नेत आणि 'आपल्या राजाने बांधलं' असं सांगत. प्रेयसीचा भाग आजी सांगायची.

दुकानात उधारीची एक वही होती. ती मोडीत. आजोबांच्या वडिलांनी त्यांना मोडी शिकवली होती आणि हिशेब दुसऱ्या लिपीत लिहिला तर तो चुकतो, अशी त्यांची समजूत होती. या वहीचा एक नियम होता. गावातलं कुणी उधारी ठेवून वारलं, तर आजोबा त्याच्या घरी मागायला जात नसत. नावापुढे 'जमा' लिहायचे आणि रकमेची जागा कोरी सोडायचे. खातं बंद.

पुण्यात आमच्या घरी सिलोन म्हणजे अमीन सयानी आणि बिनाका गीतमाला. आईच्या माहेरी सिलोन म्हणजे कोडियक्करैच्या दीपगृहापलीकडचा मुलूख, होडीला मोटर असेल तर एका रात्रीत जाऊन येण्यासारखा. तंबाखू, लुंग्या, साबण यांची चोरटी ने-आण तिथल्या कोळ्यांना ठाऊक होती. 1983 च्या जुलैनंतर त्याच होड्यांतून माणसं यायला लागली.

त्या जुलैची हकिगत आजोबा रेडिओवर ऐकल्यासारखी सांगत, सपाट आवाजात. 23 जुलैला जाफन्यात वाघांनी सुरुंग लावून तेरा सैनिक मारले. पुढच्या दिवसापासून कोलंबोत जमावांनी तमिळांची घरं, दुकानं मतदारयाद्या हातात घेऊन शोधून शोधून जाळली. वेलिकडा तुरुंगात 25 आणि 27 जुलैला मिळून 53 तमिळ कैदी मारले गेले. त्यांत टेलोचे दोन संस्थापक होते, तंगदुरै आणि कुट्टिमणी. कुट्टिमणीने फाशीची शिक्षा झाल्यावर न्यायालयात सांगितलं होतं की माझे डोळे दान करा, निदान त्यांना तरी तमिळ ईलम, आमचा स्वतंत्र देश, दिसू दे. तुरुंगात त्याचे डोळेच काढले, असं तेव्हा तमिळनाडूत घराघरांत बोललं गेलं. आजी इथे उठून आत जायची.

या आगीतून पोरं आली आणि ती एका झेंड्याखाली आली असती, तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

झेंडे किती, हे आजोबांनी मला दुकानाच्या फळीवर बाटल्या मांडून समजावलं होतं. ही एलटीटीई, वाघ. 1976 मध्ये प्रभाकरनने काढली. हिच्यातून 1980 मध्ये उमा महेश्वरन फुटला, त्याची ही प्लोट. ही ईरोस, लंडनमध्ये शिकणाऱ्या मुलांनी काढलेली; हिच्यातून पद्मनाभा बाहेर पडला, ती ही ईपीआरएलएफ. आणि ही टेलो, तुरुंगात मेलेल्या त्या दोघांची, आता श्री सबारत्नम चालवतो. पाच बाटल्या. या मोठ्या पाच. लहानसहान तर तीसेक निघाल्या होत्या. "औषध एकच," आजोबा म्हणाले, "लेबलं निराळी." मामा दारातून म्हणाला, "औषध एकाच बाटलीत आहे. बाकीच्यांत पाणी."

मामा तंजावरला बँकेत होता आणि एमजीआरचा भक्त. मुख्यमंत्री एमजीआरनी वाघांवर हात ठेवला होता, उघड पैसे दिले होते, म्हणून मामा वाघांचा. काका द्रमुकचे. करुणानिधींचा ओढा टेलोकडे, म्हणून काका टेलोचे. दोघांपैकी कुणीही जाफना पाहिलेलं नव्हतं. मद्रासमधलं भांडण समुद्र ओलांडून गेलं आणि तिकडचं भांडण समुद्र ओलांडून आमच्या पडवीत आलं. वर दिल्लीची गंमत निराळीच. 1983 पासून आपल्या गुप्तचर खात्याने या संघटनांना डेहराडूनजवळच्या डोंगरांत शस्त्रं चालवायला शिकवलं, प्रत्येकीला वेगवेगळं आणि दुसरीला कळू न देता. एकच घोडा उधळला तर आवरणार कोण, म्हणून पाच पोसले. ते एकमेकांना लाथा मारतील, हे पोसणाऱ्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही.

आजोबा प्लोटचे झाले ते राजकारणाने नाही, गिऱ्हाइकीने. प्लोटच्या छावण्या ओरत्तनाडुच्या आसपास होत्या, नारळीच्या बागांत आणि माळावर. ईपीआरएलएफ कुंभकोणमकडे, त्यांची पोरं कुंभकोणमच्या औषधवाल्याची. छावणीत हजारो पोरं, झावळ्यांच्या झोपड्या, अंघोळीला एक विहीर. खरूज पसरली की पोरं आजोबांकडे यायची, बेंझिल बेंझोएटची बाटली न्यायला. टिंक्चर, कापूस, तापाच्या गोळ्या. पैसे कधी असत, कधी नसत. खरी नावं ती सांगत नसत. प्रत्येकाला 'इयक्कम'ने, म्हणजे संघटनेने, दिलेलं नाव होतं आणि तेही मधूनच बदले. मग आजोबांनी वहीत आपली नावं घातली. उंच. डावखुरा. तोतरा. चष्मा.

चष्म्याला मी पाहिलंय, 1984 च्या उन्हाळ्यात. त्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. तो अभियांत्रिकीला जायचा होता. गुण पुरेसे होते. पण 1970 नंतर तिकडच्या सरकारने विद्यापीठाच्या प्रवेशासाठी तमिळ मुलांना जास्त गुणांची अट घातली, पुढे जिल्हावार कोटे आणले, आणि जाफन्यातल्या शिकणाऱ्या पिढीचं दार बंद झालं. हे मला पुढे समजलं. तेव्हा त्याने मला पुण्यात बर्फ पडतो का, एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. का, देव जाणे.

प्लोटची पोरं थांबलेली होती. आली लढायला, आणि शस्त्रंच नाहीत. उमा महेश्वरनचं म्हणणं, आधी माणसं घडवा, मग एकदम उठाव. मागवलेला शस्त्रांचा माल मद्रास बंदरात भारतीय अधिकाऱ्यांनीच अडकवला. दोन-दोन वर्षं लाकडी बंदुका घेऊन कवायत करणाऱ्या तरुण पोरांचं काय होतं, ते आजोबांना रोज दिसत होतं. त्यावर ते काही बोलत नसत.

मावशीची गोष्ट याच्याही आधीची. मावशी मद्रासला टी. नगरात राहायची, पाँडी बाजारापासून चालत पाच मिनिटांवर. 1982 चा मे महिना, तारीख 19. ती झंपरचं कापड घेऊन परत येत होती. फटाक्यांसारखे आवाज झाले, माणसं पळाली, तीही कापड छातीशी धरून पळाली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. प्रभाकरन आणि उमा महेश्वरन भर बाजारात समोरासमोर आले होते आणि त्यांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या होत्या.

दोघे एका संघटनेचे. उमा अध्यक्ष, प्रभाकरन लष्करी प्रमुख. उमा वयाने नऊ वर्षांनी मोठा, व्यवसायाने सर्व्हेयर. संघटनेतल्या एका तरुणीशी त्याचे संबंध आहेत, हा शिस्तभंग आहे, असा आरोप करून प्रभाकरनने त्याला काढलं होतं. त्या रात्री दोघेही वाचले, उमाचा सोबती जखमी झाला. पोलिसांनी प्रभाकरनला तिथेच पकडलं, उमाला काही दिवसांनी. श्रीलंका म्हणाली, आमचे आरोपी आमच्या हवाली करा. तमिळनाडूतल्या पक्षांनी ओरड केली, आणि दोघांना जामीन मिळाला. अट काय, तर एकाने मदुराईत राहायचं, दुसऱ्याने मद्रासमध्ये. भांडणाऱ्या पोरांना मास्तर दोन कोपऱ्यांत बसवतात तसं.

"देश सोडून पळाले एकाच पोलिसांना भिऊन," मावशी म्हणायची, "लपले एकाच गावात. आणि गोळी घालायला सापडलं कोण, तर एकमेकं." तिने ते झंपर शिवलं नाही. कापड अजून तिच्या कपाटात आहे.

1985 साली मात्र घरात बरे दिवस आले होते. एप्रिलमध्ये टेलो, ईरोस आणि ईपीआरएलएफ यांच्या आघाडीत वाघही आले. प्लोट बाहेर राहिली म्हणून आजोबा थोडे रुसले. पण जुलैत भूतानला, थिंफूत, श्रीलंका सरकारशी बोलणी झाली तेव्हा हे चौघे, प्लोट आणि जुना संसदीय पक्ष असे सहाही एका बाजूला बसले आणि सहांनी मिळून चार मागण्या मांडल्या: आम्ही एक राष्ट्र, आमची एक मातृभूमी, आम्हाला स्वयंनिर्णय, आणि बेटावरच्या सगळ्या तमिळांना नागरिकत्व. मामा आणि काका यांनी त्या दिवशी एका पानावर जेवायचं बाकी ठेवलं होतं, असं आजी सांगायची. बोलणी ऑगस्टमध्ये मोडली. आघाडी कागदावर उरली.

आता 1986 चा मे. हे माझ्या डोळ्यांदेखतचं.

4 मेला करुणानिधींनी मदुराईला ईलम समर्थकांची मोठी परिषद भरवली होती. काका गेले होते. 5 तारखेला संध्याकाळी ते तंजावरला घरी आले. खिशाला बिल्ला, घसा बसलेला, आणि चेहरा लग्नघरातून आल्यासारखा. मामा पडवीत बसून होता, काही बोलला नाही. त्याला आदल्या दिवसांचे पेपर पाठ होते. 29 एप्रिलपासून जाफन्यात वाघ टेलोच्या तळांवर तुटून पडले होते. मदुराईच्या मंडपात एकजुटीच्या घोषणा चालल्या होत्या, तेव्हा पलीकडे टेलोची पोरं गल्लीबोळांत, विहिरींआड, ओळखीच्या घरांच्या माळ्यांवर लपत होती आणि लोकांना सांगितलं गेलं होतं की त्यांना आसरा देऊ नका. तिरुनेलवेली नावाच्या चौकात, जाफन्यातल्या, प्रेतं टायरांवर जाळली. हे सगळं भरवस्तीत, दिवसाउजेडी. करुणानिधींनी थांबा म्हणून साद घातली, ती कुणी ऐकली नाही. 6 मेला श्री सबारत्नम सापडला. वाघांचा जाफन्याचा सेनापती किट्टू, त्याने त्याला गोळ्या घातल्या. मेलेल्यांचा आकडा कुणी शंभर-दीडशे सांगतं, कुणी चारशे.

7 तारखेला 'दिनमणि' आला. काकांनी तो उभ्याने वाचला. मग बिल्ला काढला आणि डांगर पचडी वाढून ठेवली होती त्या ताटाशेजारी ठेवला. मामा म्हणाला, "दरोडे घालत होते टेलोवाले. लोकांच्या गाड्या पळवत होते. लोकच कंटाळले होते." काका म्हणाले, "म्हणून जाळायचं?" मामा म्हणाला, "द्रोही होते." तमिळमध्ये तो शब्द 'तुरोगी' असा होतो. मला वाटलं, आपलाच शब्द आहे. त्या काळात जाफन्यात हा शब्द ज्याच्या नावाला चिकटला, तो आठवड्याच्या आत दिव्याच्या खांबाला बांधलेला सापडायचा, गळ्यात पाटी. आणि ही पद्धत एकट्या वाघांची नव्हती.

भांडण वाढलं तेव्हा आजोबांनी मध्येच शहाजीराजांच्या मुलांची गोष्ट काढली. 1677 साली शिवाजीमहाराज दक्षिणेत उतरले, कोळ्ळिडम नदीच्या पलीकडे व्यंकोजीराजांना, म्हणजे एकोजीराजांना, भेटले, बापाच्या मुलखातला अर्धा वाटा मागितला. व्यंकोजीराजे रातोरात नदी पार करून तंजावरला आले. महाराज परतल्यावर व्यंकोजी चालून गेले ते संताजीवर, म्हणजे शहाजीराजांच्याच आणखी एका मुलावर. याच मातीत. "ते तरी बापाच्या कमाईवरून लढले," आजोबा म्हणाले. "यांची इस्टेट अजून हातात यायचीय."

काका त्या रात्रीच्या गाडीने मद्रासला गेले. पुढची चार वर्षं ते आणि मामा आजीमार्फत बोलत.

काकांची गोष्ट नेहमी 29 एप्रिलला सुरू व्हायची. तिच्याआधी काय, हे मला मामाने सांगितलं, अर्थात चवीने. टेलोतच दोन तट होते, बॉबीचा आणि दासचा. त्याच वर्षी, वाघांच्या हल्ल्याच्या थोडंच आधी, दास जाफन्याच्या रुग्णालयात एका सोबत्याला भेटायला गेला असता बॉबीच्या माणसांनी त्याला तिथेच मारलं. लोकांनी निषेधाचा मोर्चा काढला तर त्यावरही गोळीबार केला. टेलो आधीच आतून चिरलेली होती. वाघांनी त्या चिरेत पहार घातली. काकांना हे ठाऊक होतं. ते 29 एप्रिलच्या मागे जात नसत, इतकंच.

मामाची गोष्ट मी काकांकडून पुरी केली. टेलोनंतर ऑक्टोबरमध्ये प्लोटने जाफन्यातलं काम आवरतं घेतलं, मारले जाण्यापेक्षा बरं म्हणून. डिसेंबरमध्ये ईपीआरएलएफवर पाळी आली. वर्षाच्या सुरुवातीला पाच बाटल्या होत्या, वर्ष संपताना फळीवर एक उरली आणि तिच्या सावलीत ईरोस. ही सगळी माहिती मामाकडे तारखांनिशी असे. पण तो ती 'मग एकच संघटना राहिली' अशा एका वाक्यात बसवायचा, जणू बाकीच्या पावसाने वाहून गेल्या.

त्या वर्षी दिवाळी 1 नोव्हेंबरला होती. मद्रासच्या चूळैमेडु भागात ईपीआरएलएफच्या पोरांचं गल्लीतल्या लोकांशी भांडण झालं, गोळीबार झाला आणि एक स्थानिक तरुण मेला. या प्रकरणात अटक झालेला डग्लस देवानंद जामिनावर सुटून श्रीलंकेला गेला आणि पुढे तिथे मंत्री झाला. पण तमिळनाडूचं पाहुणचाराचं मन त्या दिवाळीला विटलं. तिकडे बंगळुरूला सार्कची परिषद व्हायची होती, श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने येणार होते. 8 नोव्हेंबरला राज्यभर एकाच पहाटे पोलिसांनी छावण्यांवर छापे घातले, शस्त्रं काढून घेतली, पोरांना रांगेत बसवून फोटो काढले.

आजोबांच्या दुकानातही एक हवालदार आला. उधारी कुणाकुणाची, दाखवा. आजोबांनी वही पुढे केली. त्याने ती सरळ धरली, उलटी धरली. "रायर, हे काय लिहिलंय?" आजोबा म्हणाले, "हिशेब." तो हसला आणि खोकल्याचं औषध घेऊन गेला. आजोबा ही गोष्ट फार रंगवून सांगत. त्यांची सगळ्यांत आवडती गोष्ट तीच होती आणि प्लोटबद्दलच्या त्यांच्या बहुतेक गोष्टी तिथेच संपत.

त्यानंतर पोरं पांगली. आजोबांच्या कानावर ती अधूनमधून येत राहिली, रेडिओवरून. 1988 च्या नोव्हेंबरात मालदीवमध्ये भाडोत्री सैनिकांनी सत्ता उलथायचा प्रयत्न केला आणि भारतीय फौजेने विमानाने उतरून तो मोडला. ते भाडोत्री प्लोटचे होते. आजोबा दिवसभर दुकानात गप्प होते. खरजेचं औषध नेणारी पोरं कुणा मालदीवच्या व्यापाऱ्यासाठी मरायला गेली, हे त्यांना पटेना. पुढच्या वर्षी 13 जुलैला कोलंबोत वाघांनी जुन्या संसदीय पक्षाचे नेते अमृतलिंगम यांना त्यांच्याच घरात, चहा घेता घेता मारलं. तीन दिवसांनी त्याच शहरात उमा महेश्वरन मारला गेला, आणि तो त्याच्याच संघटनेतल्या माणसांकडून. पाँडी बाजारात जे प्रभाकरनला जमलं नाही, ते घरच्यांनी केलं.

1990 चा मार्च संपता संपता श्रीलंकेत गेलेली आपली शांतिसेना परत आली. तिच्या आधाराने ईशान्य प्रांतात सत्तेवर बसलेली ईपीआरएलएफ उघडी पडली, तिची माणसं मिळेल त्या जहाजाने भारतात आली. 19 जूनला संध्याकाळी मद्रासच्या कोडंबाक्कममध्ये, झकारिया कॉलनीतल्या एका सदनिकेत, वाघांनी पद्मनाभा आणि त्याच्या डझनभर सोबत्यांना एके-47 आणि हातबॉम्बनी मारलं. मावशी तोवर कोडंबाक्कमला राहायला गेली होती. "या वेळेला मला फटाके वाटले नाहीत," ती म्हणाली. मारेकरी निघून गेले. किनाऱ्यापर्यंत त्यांना कुणी अडवलं नाही. मुख्यमंत्री करुणानिधी होते. काकांनी त्या दिवसापासून द्रमुकबद्दल बोलणं सोडलं आणि मामाशी बोलायला सुरुवात केली. दोघं एकमेकांना पावसापाण्याचं विचारत.

अकरा महिन्यांनी श्रीपेरुंबुदूर झालं, वाघांनी राजीव गांधींना मारलं. मामाच्या खोलीतलं वाघाचं कॅलेंडर दुसऱ्या दिवशी नव्हतं. सगळ्या तमिळनाडूतल्या भिंतींवरून अशी कॅलेंडरं एका रात्रीत उतरली असणार.

मोठी झाल्यावर मी पुस्तकं गोळा करायला लागले. जाफना विद्यापीठातल्या चार प्राध्यापकांनी लिहिलेलं 'ब्रोकन पाल्मायरा' वाचलं. त्यांतली एक, रजनी तिरणगमा, शरीररचनाशास्त्र शिकवायची. आधी वाघांना मदत करणारी, मग सगळ्याच बंदुकवाल्यांचा हिशेब मांडणारी. 21 सप्टेंबर 1989 ला सायकलवरून घरी येताना तिला गोळ्या घातल्या. पुस्तक मी मामाला दिलं. त्याने आठवड्याने परत केलं, इंग्रजी जड आहे म्हणाला. रोज 'हिंदू' वाचणारा माणूस.

त्याने मला बदल्यात 'पुदियदोर् उलगम्' ही कादंबरी वाचून दाखवली, तमिळमधून तोंडी मराठी करत. प्लोटमधून बाहेर पडलेल्या एका तरुणाने टोपणनावाने लिहिलेली, 1985 साली आलेली. तिच्यात छावण्या आहेत, झावळ्यांच्या झोपड्या आहेत, कवायत आहे. आणि प्रश्न विचारणाऱ्या पोरांना रात्री बोलावून नेणंही आहे. त्याच वर्षी प्लोटचा एक मोठा नेता, संदतियार, मद्रासमधून नाहीसा झाला आणि आपल्याच माणसांनी मारला, हे पुढे सगळ्यांना कळलं. मामा ती पानं सावकाश, दोनदोनदा वाचायचा. आजोबा शेजारच्या खाटेवर पडलेले असत. एकदा मी विचारलं, हे खरं होतं का? म्हणाले, "दुकान साडेआठला बंद व्हायचं. रात्रीचं मला काय माहीत?"

आजोबा 1996 मध्ये गेले. 2009 च्या मेमध्ये मुल्लिवाय्काल इथे वाघांचं सगळं संपलं तेव्हा मी मामाला फोन केला. तो टीव्हीचा आवाज बंद करून बसला होता, मावशीने सांगितलं. तो फोनवर आला नाही.

वही माझ्याकडे आली ती ओरत्तनाडुची जागा विकली तेव्हा, एका बिस्किटांच्या डब्यात. मला मोडी येत नाही. पुण्यात मोडी वाचणारी माणसं मिळतात; एका निवृत्त शिक्षकांनी दोन दुपारी बसून ती वाचून दिली. पानं भराभर गेली. उंच, टिंक्चर व कापूस, 3 रुपये 20 पैसे. डावखुरा, तापाच्या गोळ्या. तोतरा, खरजेची बाटली, मागील बाकी. चष्मा, खरजेची बाटली. चष्मा, पोस्टाची पाकिटं दोन. चष्मा, पाकीट एक. चष्मा, चष्म्याची काडी दुरुस्ती.

मग गुरुजी थांबले. "हे औषध नाही," म्हणाले. "चष्मा. मोटरभाडं, कोडियक्करैपावेतो, 10 रुपये. फेब्रुवारी 1985."

प्लोटच्या छावणीतलं पोर एकटं कोडियक्करैला कशाला जाईल, हे मला विचारावं लागलं नाही. होड्या तिथून सुटायच्या.

"पुढे सतरा दिवसांनी नोंद आहे," गुरुजी म्हणाले. "चष्मा, जमा. पण रक्कम घातलेली नाही. विसरले असतील."

मी त्याच संध्याकाळी मामाला फोन लावला. तो आता ऐंशीच्या पुढे आहे, ऐकू कमी येतं, पण तारखा अजून पाठ. मी ओळ न ओळ वाचून दाखवली. फेब्रुवारी 1985 म्हणजे वाघांनी कुणालाही जाळायच्या सव्वा वर्ष आधी. पडवीतल्या भांडणात ही एक ओळ मिळाली असती, तर मामाने काय दिलं नसतं.

बराच वेळ तो बोलला नाही. मला वाटलं फोन कटला.

"भाडं किती म्हणालीस?"

"दहा."

"तेव्हा सात-आठ रुपये पडायचे," मामा म्हणाला. "पट्टुकोट्टैला मोटर बदलावी लागायची. तिथे बसून राहायला लागे. जेवणाचे धरले असतील."